गाठ काढली, मग आता केमो कशाला?

प्रश्न : माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ६३, निवृत्त प्राथमिक शिक्षक, पंढरीची वारी करणारे माळकरी. डोळे पिवळे झाले म्हणून तपासणी केली तेव्हा स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली आणि पाच आठवड्यांपूर्वी पुण्यात व्हिपल शस्त्रक्रिया झाली. टाके भरून आले आहेत, ताप नाही, पोटातल्या नळ्या निघाल्या. अहवालात ‘स्वादुपिंडाच्या नलिकेचा कर्करोग, कडा मोकळ्या, १७ पैकी ३ लसिकाग्रंथींत आजार’ असे लिहिले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी ६१ किलो असलेले वजन आता ४९ वर आले आहे. आईने तेल, तूप, डाळ, शेंगदाणे सारे बंद करून मऊ भात आणि मुगाचे पाणी चालू ठेवले आहे, तरी दिवसातून चार-पाच वेळा पातळ, तेलकट शौचाला होते आणि पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहते. पाचक कॅप्सूल दिल्या होत्या; त्या डुकरापासून बनतात असे चुलतभावाने मोबाइलवर वाचून दाखवले तेव्हापासून आईने अण्णांना न सांगताच त्या बंद केल्या. डॉक्टर केमोचे १२ डोस सांगतात. अण्णांना आम्ही ‘गाठ होती, काढली’ एवढेच सांगितले आहे, त्यामुळे ते म्हणतात, गाठ काढली, मग आता औषध कशाचे? नातेवाईक म्हणतात, केमोने माणूस खंगतो, आहेत ते दिवस सुखाने जाऊ द्या. मी एकुलती एक मुलगी, सासर कोल्हापूरला. मी कुणाचे ऐकू?
– सातारा जिल्ह्यातील एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत चांगली बातमी तुम्ही एका ओळीत उरकून टाकली आहे : टाके भरून आले, ताप नाही, नळ्या निघाल्या. स्वादुपिंडाचे डोके, जठराला लागून असलेले लहान आतडे, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढून उरलेल्या स्वादुपिंडाचा, पित्तनलिकेचा आणि जठराचा आतड्याशी नव्याने सांधा जोडणारी ही शस्त्रक्रिया पोटाच्या शस्त्रक्रियांमधल्या सर्वांत अवघड शस्त्रक्रियांपैकी आहे. ते तीन सांधे धरले, हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम शल्यविशारदाच्या हातात नाही. त्यातले बरेचसे तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात आणि अण्णांच्या निर्णयात आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी अण्णांच्याच प्रश्नाकडे येतो, कारण तो अगदी रास्त आहे. गाठ काढली, कडा मोकळ्या निघाल्या, म्हणजे कापलेल्या भागाच्या कडांना आजार सापडला नाही, मग औषध कशासाठी? मी स्वतः सव्वीस वर्षे पोटाच्या कर्करोगांच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि हाच प्रश्न मला रुग्णांनी बहुधा टाके काढायच्या दिवशी विचारला आहे. त्याचे उत्तर अहवालातल्या ग्रंथींच्या आकड्यात आहे. १७ पैकी ३ ग्रंथींत आजार सापडला, याचा अर्थ पेशी मूळ जागा सोडून बाहेर पडू लागल्या होत्या. ज्या ग्रंथींपर्यंत त्या पोचल्या त्या काढून झाल्या; परंतु रक्तातून यकृताकडे किंवा आणखी कुठे काही पेशी गेल्या असतील, तर त्या ना शल्यविशारदाच्या डोळ्यांना दिसतात ना सीटी स्कॅनला. ग्रंथी पूर्ण मोकळ्या निघाल्या असत्या तरीही या आजारात केमो सुचवलाच असता. अण्णांच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही.

औषध न घेता नुसते पाहत राहिले तर काय होते, हे अंदाजाने सांगावे लागत नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियामध्ये गाठ पूर्ण काढलेल्या सुमारे साडेतीनशे रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला सहा महिने जेमसिटाबिन हे औषध दिले, दुसऱ्याला काहीच दिले नाही. पाच वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी सुमारे १० टक्के. पुढे २०१८ मध्ये फ्रान्स आणि कॅनडातल्या ४९३ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात एका गटाला तेच जेमसिटाबिन आणि दुसऱ्याला चार औषधांचा एकत्रित उपचार, म्हणजे सुधारित फोल्फिरिनॉक्स, देण्यात आला होता. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले १२ डोस बहुधा याच उपचाराचे आहेत. या गटातले निम्मे रुग्ण ५४ महिन्यांच्या पुढे जगले, जेमसिटाबिनच्या गटातले निम्मे ३५ महिन्यांच्या पुढे. पाच वर्षांनी चार औषधांच्या गटातले ४३ टक्के हयात होते आणि जेमसिटाबिनच्या गटातले ३१ टक्के. हे आकडे वाचून हुरळून जाऊ नका. त्या अभ्यासात घेतलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर चांगले हिंडते-फिरते होते आणि त्यांची सीए १९-९ ही रक्तातली कर्करोगाची खूणही फारशी वाढलेली नव्हती. आजार उलटण्याची शक्यता पूर्ण उपचार घेऊनही उरतेच, आणि उलटला तर तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. मात्र ज्या आजारात पूर्वी शस्त्रक्रियेनंतरही आम्ही मान खाली घालून बोलत असू, त्यात आज एवढी वाट तयार झाली आहे आणि ती केमोतून जाते, हे नातेवाइकांना सांगायला हरकत नाही.

‘केमोने माणूस खंगतो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर चिडणे सोडून दिले आहे. फक्त एवढे पाहा : अण्णांच्या अंगात अजून केमोचा एक थेंबही गेलेला नाही आणि ते १२ किलो खंगले आहेत. त्यांना आज जे खंगवते आहे ते वेगळेच आहे, आणि ते थांबवता येण्यासारखे आहे.

ते सांगण्यापूर्वी वेळेचा हिशेब सांगतो, कारण तुमच्या पत्रात घाई आणि भीती दोन्ही दिसतात. केमो शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू झालाच पाहिजे असे नाही. जखम भरून शरीराने उभारी धरली की तीन ते बारा आठवड्यांच्या दरम्यान तो सुरू करतात. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीतल्या सुमारे हजार रुग्णांची माहिती २०१४ मध्ये याच प्रश्नासाठी पुन्हा तपासली गेली, तेव्हा असे दिसले की कुणी लवकर सुरू केला आणि कुणी थोडा उशिरा, याने आयुष्यात विशेष फरक पडला नव्हता. त्या चाचणीतल्या उपचाराची ठरलेली सहाच्या सहा आवर्तने, म्हणजे औषधाच्या फेऱ्या, पूर्ण झाली की मध्येच सुटली, याने मात्र मोठा फरक पडला होता. तुमचे पत्र माझ्या हाती येईपर्यंत अण्णांचा सहावा आठवडा लागला असेल. म्हणजे अजून पाच-सहा आठवडे हातात आहेत. ते घरगुती वादात घालवले तर फुकट जातील; वजन थोपवण्यात घालवले तर पहिल्या डोसच्या दिवशी अण्णा खुर्चीत ताठ बसलेले असतील. डोसाला सुरुवात करणे सोपे असते, बारावा डोस गाठणे अवघड असते. फ्रान्सच्या त्या अभ्यासातल्या निवडक, धडधाकट रुग्णांपैकीसुद्धा साधारण दोन तृतीयांशच सगळे डोस पुरे करू शकले होते.

आता स्वयंपाकघर. शौचाचे जे वर्णन तुम्ही लिहिले आहे, पातळ, तेलकट, भांड्याला चिकटणारे, ते ‘पोट बिघडल्याचे’ लक्षण नव्हे. स्वादुपिंडाचा मोठा भाग गेल्यामुळे अन्नातला मेद पचवणारा रस पुरेसा तयार होत नाही, आणि जो होतो तो अन्नात वेळेवर मिसळत नाही. मग खाल्लेला मेद जसाच्या तसा बाहेर पडतो. सोबत अ, ड, ई, के ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वेही जातात. आईंनी यावर जो उपाय केला तो आपल्याकडची कुठलीही गृहिणी करील तोच आहे : पचत नाही ना, मग तेल-तूप बंद. त्यामागची माया मला कळते, पण परिणाम असा झाला आहे की पचण्याची अडचण तशीच राहिली आणि वरून अन्नही गेले. मुगाच्या पाण्यात मूग जवळपास नसतो. ४९ किलोच्या माणसाला या अवस्थेत दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. मऊ भात आणि डाळीचे वरचे पाणी यांतून त्याच्या पाव हिश्श्याइतकी तरी मिळत असतील की नाही, शंका आहे.

उपाय उलट्या दिशेचा आहे. अन्न कमी करायचे नाही. अन्नासोबत पाचकरस बाहेरून द्यायचा. त्या कॅप्सूल त्यासाठीच होत्या. मोठ्या माणसाला मुख्य जेवणासोबत लायपेजची, म्हणजे मेद पचवणाऱ्या पाचकाची, ४०,००० ते ५०,००० एकके आणि मधल्या खाण्यासोबत त्याच्या निम्मी, अशी सुरुवात सर्वसाधारणपणे करतात. तुमच्याकडच्या कागदावर १०,००० ची एक कॅप्सूल ‘जेवणानंतर’ असे लिहिलेले असेल तर आश्चर्य वाटणार नाही. असे कागद मी बरेच पाहिले आहेत, आणि त्या मात्रेने शौच सुधारत नाही म्हणून ‘औषध लागू पडत नाही’ असा समज होतो. मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून वाढवून घ्या. घेण्याची रीत मात्र मी सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. दोन कॅप्सूल असतील तर एक पहिल्या घासासोबत आणि दुसरी जेवण निम्मे झाल्यावर. जेवण संपल्यावर घेतलेली कॅप्सूल म्हणजे वऱ्हाड जेवून गेल्यावर आलेला आचारी. ती साध्या पाण्याबरोबर गिळावी, चहाबरोबर नव्हे, कारण उष्णतेने आतले पाचक निकामी होतात. चावू नये, तोंडात घोळवू नये, नाहीतर तोंड येते. गिळता येत नसेल तर उघडून आतले दाणे चमचाभर दह्यात किंवा सफरचंदाच्या गार गरात घालून न चावता लगेच गिळावे. दुधाचा मोठा पेला, चहासोबतचे दोन बिस्किटांपेक्षा जास्तीचे खाणे, शेंगदाण्याचा लाडू, एकादशीची साबुदाण्याची खिचडी या सगळ्यांना कॅप्सूल लागते. एखादे फळ किंवा लिंबूपाणी असेल तर लागत नाही. डबा उन्हात किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये. पुरेशी मात्रा योग्य वेळी घेऊनही आठवड्याभरात शौच घट्ट झाले नाही, तर आम्ल कमी करणारी गोळी चालू आहे ना, हे डॉक्टरांना विचारा.

कॅप्सूल सुरू झाल्या की तूप परत येऊ द्या. एकदम नव्हे, पहिले चार दिवस भातावर चमचाभर, मग वाढवत. जठर आता मंद चालणारे आहे, म्हणून दोन वेळच्या ताटाऐवजी सहा वेळा थोडे थोडे. वाटीभर घट्ट वरण, पनीरची भुर्जी, दही, दुधात शिजवलेली नाचणी, भिजवलेल्या शेंगदाण्यांची आमटी, भाजीत सोयाबीनचे गोळे. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराएक ग्रॅम प्रथिने असतात आणि तीस ग्रॅम कोरड्या सोया गोळ्यांत पंधराएक. अंडे माळकरी माणसाला सुचवत नाही. कच्चे सॅलड, कोंडा आणि पोट भरेल इतके पाणी जेवताना नको. भूक तेवढ्यावरच मरते. रक्तातली साखर मात्र तपासत राहा, कारण स्वादुपिंड कापल्याने नवा मधुमेह होऊ शकतो आणि अन्न पचू लागल्यावर साखर वाढलेली दिसू शकते. ती वाढली तर औषध किंवा इन्सुलिन लावायचे असते. साखर दिसली म्हणून पुन्हा भात-पोळी बंद, हा आपल्या घरांतला ठरलेला पुढचा अंक असतो, तो होऊ देऊ नका.

डुकराचा प्रश्न मी टाळणार नाही. चुलतभावाने वाचले ते खरे आहे : जगभर वापरात असलेले हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार होते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘पाचक’ सिरपांत मुख्यतः बुरशीपासून केलेली, पिष्ट पचवणारी द्रव्ये असतात. मेद पचवणारे लायपेज नसते किंवा नगण्य असते, त्यामुळे ती सिरपे याची जागा घेऊ शकत नाहीत. आता आईंनी अण्णांना न सांगता कॅप्सूल बंद केल्या, आणि तुम्ही कदाचित न सांगता पुन्हा सुरू कराल. दोन्ही मला सारखेच चुकीचे वाटते. गळ्यातली माळ अण्णांची आहे. काय पोटात घ्यायचे हे त्यांनी ठरवायचे. त्यांना पूर्ण माहिती द्या : हे कशापासून होते, याला तोडीचा शाकाहारी पर्याय आज नाही, न घेतल्यास वजन कुठे जाईल. माझ्याकडे आलेल्या एका वारकरी गृहस्थांनी आठवडाभर विचार केला, आपल्या फडावरच्या महाराजांना विचारले आणि औषध म्हणून घ्यायचे ठरवले. दुसऱ्या एका बाईंनी नाही म्हटले आणि त्या शेवटपर्यंत नाहीवर ठाम राहिल्या. अण्णांनी नकार दिलाच, तर तो मानून आहारतज्ज्ञाकडून लायपेजवाचूनही बऱ्यापैकी शोषल्या जाणाऱ्या, मध्यम साखळीच्या मेदावर आधारलेला आहार आखून घ्यावा लागेल. तो दुसऱ्या क्रमांकाचा मार्ग आहे, एवढे त्यांना स्पष्ट कळले म्हणजे झाले.

पण हे बोलणे होणार कसे, जर अण्णांना आपल्याला काय झाले आहे हेच ठाऊक नसेल? तुमच्या पत्रातली खरी गाठ ही आहे. ज्या माणसाला ‘गाठ होती, काढली’ एवढेच सांगितले, त्याने पुढचे औषध नाकारणे हे हट्टीपणाचे नसून तर्कशुद्ध आहे. अण्णांनी आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवले. केमोच्या वॉर्डाच्या दारावरची पाटी ते वाचणार नाहीत, असे तुम्हाला वाटते का? मला आठवते, एका रुग्णाच्या तिन्ही मुलांनी मला बाहेर गाठून ‘दादांना काही कळू देऊ नका’ अशी शपथ घातली, आणि मी आत गेलो तेव्हा दादा शांतपणे म्हणाले, ‘पोरांना सांगू नका हं, घाबरतील.’ फाइल त्यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीच वाचली होती. एकाच घरात दोन्ही बाजूंनी पहारा चालला होता आणि मधल्या दोन महिन्यांत कुणी कुणाशी धड बोलले नव्हते.

अण्णांना सांगण्याचे काम तुमचे एकटीचे नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी कळवून ठेवा की अण्णांना पूर्ण कल्पना नाही आणि आज त्यांच्यासमोरच बोलायचे आहे. चांगला डॉक्टर आधी विचारील, ‘गुरुजी, तुम्हाला आतापर्यंत काय काय सांगितले आहे? आणि किती जाणून घ्यायला आवडेल?’ उत्तर येईल तेवढेच सांगावे. टक्केवारीचे आकडे त्यांनी विचारले तरच. आजाराचे नाव, तो काढला आहे हे, आणि तो परतू नये म्हणून सहा महिन्यांचे औषध आहे हे, एवढ्या तीन गोष्टींवर बहुतेक माणसे उभी राहतात. त्या दिवशी ते गप्प बसतील, कदाचित रात्री रडतील. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मन रमत नाही, झोप लागत नाही, जेवणावरून वासना उडाली असे वाटले तर तेही डॉक्टरांना सांगा. या आजारात खिन्नता बरीच आढळते आणि तिच्यावर औषध असते. आणि हे सगळे ऐकून, समजून अण्णांनी केमो नको म्हटले, तर तो मात्र त्यांचा निर्णय असेल, नातेवाइकांचा नव्हे.

केमो ठरला, तर त्याची घडण समजून घ्या. फोल्फिरिनॉक्स दर १४ दिवसांनी असतो. औषधांपैकी एक छोट्या पंपातून ४६ तास थेंब थेंब जाते, त्यासाठी छातीत त्वचेखाली ‘पोर्ट’ बसवतात. पहिल्या डोसपूर्वी डीपीवायडी या जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा, कारण काही थोड्या लोकांचे शरीर यातले फ्ल्युरोयुरॅसिल हे औषध मोडू शकत नाही आणि त्यांना नेहमीची मात्रा जिवावर बेतू शकते. यातल्याच ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधामुळे डोसनंतरचे काही दिवस गार वस्तू सोसवत नाहीत. फ्रिजच्या दांड्याला हात लावला तरी मुंग्या येतात आणि माठातल्या पाण्याच्या घोटाने घसा आवळल्यासारखा होतो. पाणी कोमट द्या. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना तो संसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. थंडी वाजून ताप आणि डोळे पुन्हा पिवळे, हे जोडलेल्या पित्तनलिकेत संसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते. एकाच पायाला सूज किंवा एकाएकी धाप लागली तर रक्ताची गुठळी धरूनच रुग्णालय गाठा. या कर्करोगात गुठळ्या पुष्कळ होतात.

इथे पाचक कॅप्सूलचा मुद्दा पुन्हा येतो. त्या चार औषधांतल्या इरिनोटेकॅननेही जुलाब होतात. मेद न पचल्यामुळे आधीपासून चाललेले जुलाब थांबवले नसतील, तर केमोच्या डॉक्टरांना तेही औषधाचेच वाटतात, ते मात्रा कमी करतात किंवा डोस पुढे ढकलतात, आणि बाराचे आठ होतात. पहिल्या डोसच्या आधी शौच घट्ट झालेले असणे म्हणजे पुढचे चार डोस वाचवणे.

अण्णांची ताकद फार लवकर भरून आली नाही, तर चार औषधांचा हट्ट धरू नका. जेमसिटाबिन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या ही जोडी सौम्य आहे; २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत ती एकट्या जेमसिटाबिनपेक्षा सरस ठरली होती. पूर्ण झालेला सौम्य उपचार हा दोन डोसांत कोलमडलेल्या जड उपचारापेक्षा मला कधीही जास्त मोलाचा वाटतो.

दर पंधरवड्याला पुण्याला जाणेही गरजेचे नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी उपचाराचा आराखडा लिहून दिला तर डोस साताऱ्यात, कराडला किंवा तुमच्याजवळ कोल्हापुरात देता येतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि तो उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका, आधार कार्ड आणि गाठीचा अहवाल दाखवून विचारा, आणि पहिला डोस देण्यापूर्वीच विचारा. आधी डोस, मग मंजुरी, असे तिथे सहसा चालत नाही. उपचारासाठीच्या प्रवासाला रेल्वेत कर्करुग्णांना सवलत मिळते, तिचा ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालय देते.

‘सोबत काढा द्या’ हे सांगणारे कुणीतरी घरी येऊन गेलेच असेल. केमो चालू असताना कसलाही काढा, भस्म किंवा गोमूत्र अर्क नको. गुळवेल तरी नक्की नको. तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि केमोची बरीच औषधे यकृतातूनच निस्तरायची असतात. भाजीतली हळद चालते. तंबाखू आणि मिश्री चालत नाही. तुम्ही लिहिलेले नाही, पण गावाकडे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

तुमच्यासाठीही एक काम आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची बीआरसीए १, बीआरसीए २, पीएएलबी २ यांसारख्या जनुकांची तपासणी करावी असा आजचा संकेत आहे. ती रक्तावर होते. अण्णांच्यात वंशातून आलेला दोष निघाला तर पुढच्या औषधांची निवड बदलू शकते आणि तुमचीही तपासणी करावी लागेल. निघाला नाही, तर तुमच्या मनातली, पत्रात न लिहिलेली एक भीती बरीच हलकी होईल.

सीए १९-९ आणि सीटी स्कॅन पहिली दोन वर्षे साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी सांगितले जातील. सीए १९-९ च्या एका आकड्यावरून घरात सुतक पाळू नका. पित्ताचा मार्ग तुंबला तरी तो चढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो मुळी तयारच होत नाही.

राहिली रोजची देखरेख. तुम्ही कोल्हापुरात, आई दमलेली, आणि अण्णा दिवसभर खाटेवर पडून छताकडे पाहत आहेत, असे चित्र माझ्यासमोर येते. गुरुजींना पडून ठेवू नका. सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या, पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे, मग दहा, मग पंधरा. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणे-बसणे, मांडीचे स्नायू राखायला तेवढे पुरते. आणि त्यांच्या हाती एक दुरेघी वही द्या. हजेरीपत्रक ज्याने चाळीस-चाळीस नावांचे ठेवले, त्याला सहा रकाने आखणे अवघड नाही : तारीख, काय खाल्ले, कॅप्सूल किती आणि केव्हा, शौच किती वेळा व कसे, किती मिनिटे चालले, आणि दर सोमवारी सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर घेतलेले वजन. तीन सोमवार वजन ४९ च्या खाली गेले नाही आणि शौच दिवसातून दोनदावर आले, की ती वही घेऊनच केमोच्या डॉक्टरांकडे जा. ते झाले नाही, तरी वही घेऊनच जा; दहाव्या आठवड्याच्या पुढे थांबू नका.